दुधाच्या दातांतील विकासजन्य विकृती

दुधाचे दात जबड्यात तयार होत असताना त्यांची संख्या, आकार, घडण, रंग किंवा उगवण्याचा काळ यांत जो फरक पडतो, त्यास विकासजन्य विकृती असे म्हणतात. दात उगवल्यानंतर कीड लागून, झिजून किंवा मार लागून उद्भवणारे दोष यांत मोडत नाहीत. दुधाचे दात सामान्यतः सहाव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान पडून जातात. त्यामुळे त्यांतील दोषांकडे ‘पुढे पडायचेच आहेत’ म्हणून दुर्लक्ष होते. याउलट बालक दातासह जन्मले किंवा त्याचे वरचे दात आधी आले, तर ते अशुभ समजून घरात अकारण भीती निर्माण होते. या दोन्ही प्रवृत्ती चुकीच्या आहेत. या विकृतींपैकी बहुसंख्य स्वतः निरुपद्रवी असतात. परंतु त्यांतील काही मागून येणाऱ्या कायमच्या दातांविषयी, तर काही बालकाच्या संपूर्ण शरीराविषयी पूर्वसूचना देतात. ही सूचना वेळीच ओळखणे हेच त्यांच्या अभ्यासाचे मुख्य प्रयोजन होय.

दंतविकासाचा क्रम : दुधाचे दात एकूण वीस असतात. जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात दोन कृंतक (पटाशीचे दात), एक सुळा व दोन दाढा अशी त्यांची मांडणी असते; दुधाच्या दातांत उपदाढा नसतात. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास भावी हिरडीच्या जागी आवरणपेशींची एक पट्टी आत वाढते. तिला दंतपट्टिका म्हणतात. तिच्यावर ठराविक अंतराने कळ्यांसारखे दंतांकुर उमलतात. प्रत्येक अंकुराच्या बाह्यस्तरीय पेशींपासून दंतवल्क म्हणजेच एनॅमल हे अतिकठीण आवरण तयार होते, तर त्याखालील ऊतकापासून दंतिन व दातातील मज्जा तयार होतात. पहिल्या कृंतकाचे कॅल्सीभवन गर्भावस्थेच्या सुमारे १४व्या आठवड्यात सुरू होते आणि १९व्या आठवड्यापर्यंत विसांपैकी सर्व दातांच्या कॅल्सीभवनास प्रारंभ झालेला असतो. जन्माच्या वेळी वरच्या मधल्या कृंतकाचे बहुतेक दंतवल्क तयार असते. दुसऱ्या दाढेचे दंतवल्क पूर्ण होण्यास मात्र बालक दहा-अकरा महिन्यांचे व्हावे लागते.

या क्रमातील दोन गोष्टी विकृती समजण्यासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, दंतवल्क एकदा तयार झाल्यावर ते तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात. त्यामुळे त्यात राहिलेला दोष हाडातील दोषाप्रमाणे पुढे भरून निघत नाही. जन्माच्या सुमारास शरीरक्रियेत होणाऱ्या बदलाची खूण दुधाच्या दातांच्या दंतवल्कात एका सूक्ष्म रेषेच्या रूपाने कायम राहते. तिला जन्मरेषा म्हणतात. आयझॅक शोअर यांनी १९३६ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. या रेषेच्या अलीकडचे दंतवल्क गर्भावस्थेतील व पलीकडचे जन्मानंतरचे, हे ओळखता येत असल्याने दोष केव्हा उद्भवला याचा अंदाज करता येतो. दुसरी गोष्ट अशी की, कायमचे कृंतक, सुळे व उपदाढा यांचे अंकुर दुधाच्या दातांच्या अंकुरालगतच्या पट्टिकेतूनच फुटतात. म्हणून दुधाच्या दाताचा अंकुरच निर्माण झाला नाही, तर त्याच्या जागी येणारा कायमचा दातही बहुधा निर्माण होत नाही.

संख्येतील विकृती : एक किंवा अधिक दात मुळातच निर्माण न होणे ही विकृती कायमच्या दातांत बऱ्याच प्रमाणात आढळते, दुधाच्या दातांत ती विरळा असून बहुतेक पाहण्यांत तिचे प्रमाण शेकडा एकाहून कमी भरले आहे. जपानी बालकांत मात्र ते याहून अधिक आढळते. वरचा बाजूचा कृंतक आणि खालचे कृंतक यांचा अभाव विशेषेकरून दिसतो. एमएसएक्स-१, पॅक्स-९ व एक्झिन-२ या जनुकांतील उत्परिवर्तने दातांच्या अभावास कारणीभूत होतात, हे १९९६ ते २००४ या काळात सिद्ध झाले. यांपैकी एक्झिन-२ मधील दोष असलेल्या एका कुटुंबात मोठ्या आतड्याचा कर्करोगही आढळला. त्यामुळे दातांच्या अभावाची चौकशी करताना कुटुंबातील आजारांची माहिती घेणे आवश्यक मानले जाते.

अनेक दात एकदम नसतील, तर बाह्यस्तरीय दुर्विकसन या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. दात, केस, नखे व घर्मग्रंथी यांच्या निर्मितीत बाह्यस्तराचा वाटा असल्याने या विकारात त्या सर्वांवर परिणाम होतो. याच्या सर्वांत परिचित प्रकाराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यामुळे विकार पूर्ण स्वरूपात मुलांत दिसतो, तर आईत एखादा शंकूसारखा वा लहान दात इतकीच खूण असू शकते. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या पाळीव प्राणी व वनस्पती यांच्या परिवर्तनाविषयीच्या ग्रंथात सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत नोंदविली आहे. त्या कुटुंबात चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून केवळ चार लहान कृंतक व आठ दाढा होत्या, अंगावर केस फार थोडे होते आणि उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा त्यांना अतिशय त्रास होई. मुलींत मात्र हा विकार दिसत नव्हता. घाम येत नसल्याने अशा अर्भकांच्या शरीराचे तापमान उष्ण हवेत धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. उन्हाळ्यात वारंवार ताप येणारे, विरळ केसांचे व दीड वर्ष होऊनही दात न आलेले मूल या दृष्टीने तपासणे जरूर असते. विकार ओळखला गेला म्हणजे अंग ओले ठेवणे, थंड जागी ठेवणे यांसारख्या साध्या उपायांनीही जिवावरचे संकट टाळता येते.

विसांहून अधिक दात असणे हीदेखील विरळा विकृती असून ती प्रामुख्याने वरच्या बाजूच्या कृंतकाच्या परिसरात दिसते. जादा दुधाचा दात सामान्यतः शेजारच्या दातासारखाच असतो व दुधाच्या दातांमध्ये फटी असल्याने तो सहज सामावून जातो. म्हणून दात मोजल्याखेरीज तो लक्षात येत नाही. परंतु अशा बऱ्याच बालकांत त्याच जागी कायमचा जादा दातही तयार होतो व तो इतर दातांची वाट अडवितो. दुभंगलेला ओठ वा टाळू असलेल्या बालकांत दुभंगाच्या कडेचा कृंतक नसणे किंवा दुहेरी असणे हे नेहमीचे आहे.

जन्मदंत : जन्मतः तोंडात असलेल्या दातास जन्मदंत आणि जन्मानंतर पहिल्या तीस दिवसांत उगवणाऱ्या दातास नवजातदंत म्हणतात. ही विभागणी मॅस्लर व सव्हारा यांनी १९५० मध्ये सुचविली. साधारणपणे दोन ते तीन हजार जन्मांमागे एका बालकात असा दात आढळतो. रोमन लेखक प्लिनी याने दातांसह जन्मलेल्या व्यक्तींचा उल्लेख केला असून रोमन सेनानी मान्युस क्यूरियुस याला ‘डेंटाटस’ म्हणजे दंतयुक्त हे उपनाव त्यावरूनच मिळाल्याचे तो सांगतो. असे दात बहुतकरून खालच्या मधल्या कृंतकांच्या जागी असतात. महत्त्वाची गोष्ट अशी की, ते बहुधा जादा नसून बालकाचे नेहमीचेच दुधाचे दात असतात. दंतांकुर जबड्यात वरच्या थरात राहिल्याने ते लवकर बाहेर येतात. त्यांची मुळे तयार झालेली नसल्याने ते हलतात व दंतवल्क पातळ असल्याने ते पिवळसर दिसतात. असा दात काढून टाकल्यास त्या जागी दुसरा दुधाचा दात येत नाही आणि कायमचा दात येईपर्यंत सहा-सात वर्षे ती जागा रिकामी राहते.

म्हणून जन्मदंत शक्यतो राखून ठेवावा, असे आजचे मत आहे. त्याच्या धारेने जिभेच्या खालच्या बाजूस व्रण पडल्यास त्यास रीगा-फेडे विकार म्हणतात. आंतोनियो रीगा व फ्रांचेस्को फेडे या इटालियन वैद्यांनी अनुक्रमे १८८१ व १८९० मध्ये त्याची वर्णने केली. दाताची कड घासून गुळगुळीत केल्यास किंवा तिच्यावर दंतपूरक द्रव्याचे आवरण दिल्यास हा व्रण सहसा बरा होतो. दात इतका सैल असेल की निखळून श्वासमार्गात जाण्याची भीती वाटावी, किंवा स्तनपान अशक्य होत असेल, तरच तो काढावा. पहिल्या काही दिवसांत अर्भकाच्या शरीरात के जीवनसत्त्वाची कमतरता असल्याने रक्तस्राव थांबत नाही. त्यामुळे हे जीवनसत्त्व दिले असल्याची खात्री करून घ्यावी लागते, अन्यथा जन्मानंतर दहा दिवस तरी थांबतात. घरच्या घरी दोऱ्याने वा नखाने असा दात उपटणे जिवावर बेतू शकते. नवजात अर्भकाच्या हिरडीवर कधीकधी दिसणाऱ्या मोत्यासारख्या पांढऱ्या गाठी म्हणजे दात नव्हेत. त्या काही आठवड्यांत आपोआप नाहीशा होतात.

आकारातील विकृती : दुधाच्या दातांत विशेष आढळणारी विकृती म्हणजे जोडदात होय. दोन शेजारचे अंकुर एकमेकांस चिकटून एक रुंद दात तयार झाला, तर त्यास एकीभवन आणि एकाच अंकुराचे अपुरे विभाजन झाले, तर त्यास द्विभाजन म्हणतात. या दोहोंत भेद करण्याची सोपी रीत म्हणजे दात मोजणे. जोडदात एक धरून एकूण संख्या एकाने कमी भरल्यास एकीभवन व संख्या पूर्ण भरल्यास द्विभाजन समजतात. मात्र जादा दात चिकटलेला असल्यास ही रीत फसते. खालचा बाजूचा कृंतक व सुळा यांचे एकीभवन नेहमी पाहावयास मिळते. अशा अनेक बालकांत जोडदाताखालील एक कायमचा दात नसतो. दोन भागांमधील खाचेत अन्नकण अडकून कीड लागते, तसेच रुंद मुळांचे शोषण सावकाश होत असल्याने असा दात वेळेवर पडत नाही व कायमचा दात वाकडा येतो.

काही दाढांत शीर्षभागातील मज्जाकोश खोलवर वाढून मुळे आखूड राहतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या दाढांशी असलेल्या साम्यावरून सर आर्थर कीथ यांनी १९१३ मध्ये या प्रकारास वृषभदंतत्व या अर्थाचे नाव दिले. क्ष-किरण चित्राशिवाय हा प्रकार ओळखता येत नाही व बहुधा त्याचा त्रासही होत नाही.

घडणीतील आनुवंशिक विकृती : दंतवल्काच्या आनुवंशिक अपूर्ण निर्मितीत सर्व दातांचे दंतवल्क पातळ, खडबडीत किंवा मऊ असते. दुधाचे व कायमचे असे दोन्ही संच त्यात सापडतात. तिचे काही प्रकार अप्रभावी असल्याने रक्ताच्या नात्यातील विवाहांपासून झालेल्या संततीत ते दिसण्याचा संभव वाढतो. दंतिनाच्या आनुवंशिक अपूर्ण निर्मितीत दात दुधाळ-निळसर किंवा तपकिरी, अर्धपारदर्शक दिसतात. दंतवल्क स्वतः चांगले असले, तरी खालचा आधार कच्चा असल्याने ते ढलप्यांच्या रूपाने निघून जाते व उघडे पडलेले दंतिन झपाट्याने झिजून हिरडीबरोबर येते. कायमच्या दातांपेक्षा दुधाच्या दातांत हा विकार अधिक तीव्र असतो. काही बालकांत तो हाडांच्या भंगुरतेच्या विकाराचा एक भाग असतो. किरकोळ कारणाने हाड मोडणे व डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसणे या खुणा असल्यास त्या दिशेने तपासणी करतात.

घडणीतील परिस्थितिजन्य विकृती : दंतवल्क तयार होत असताना माता किंवा अर्भक यांच्या पोषणात अथवा प्रकृतीत बिघाड झाल्यास दातावर खड्डे, आडव्या खाचा किंवा खडूसारखे पांढरे डाग राहतात. अकाली जन्मलेल्या व कमी वजनाच्या बालकांत ते बऱ्याच अधिक प्रमाणात आढळतात. मातेच्या शरीरातील ड जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे नवजात अर्भकाच्या रक्तातील कॅल्शियम घटून आकडी येते. अशी आकडी आलेल्या बालकांच्या दुधाच्या दातांत दंतवल्काचे दोष आढळल्याचे १९७३ मध्ये एडिंबरो येथील संशोधकांनी दाखविले. श्वासनलिकेत नळी घालावी लागलेल्या अर्भकांत उपकरणाच्या दाबाने वरच्या कृंतकांपैकी एखाद्यावरच दोष राहू शकतो. दोष एकाच दातावर असेल तर स्थानिक कारण आणि एकाच काळात तयार होणाऱ्या सर्व दातांवर असेल तर सार्वदेहिक कारण, असा सामान्य नियम आहे. सदोष दंतवल्कावर कीड लवकर धरते. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाचे कुजलेले दात हे केवळ गोड खाण्याचे फळ असते असे नाही.

दुधाच्या दुसऱ्या दाढेवरील पांढरे, पिवळे वा तपकिरी, ठिसूळ चट्टे विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. कायमची पहिली दाढ जन्माच्या सुमारास कॅल्सीभूत होऊ लागते. म्हणजे आयुष्याच्या पहिल्या वर्षात या दोन्ही दाढा एकाच वेळी तयार होत असतात. दुधाच्या दाढेवर असा दोष असलेल्या मुलांच्या कायमच्या पहिल्या दाढेतही तो येण्याचा संभव अधिक असतो. ही दाढ सहाव्या वर्षी उगवते व ती आयुष्यभर पुरावयाची असते. पूर्वसूचना मिळाल्यास ती उगवताच तिचे संरक्षण करता येते.

पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्ल्युओराइडामुळे दातांवर डाग पडतात. भारतात फ्ल्युओराइडजन्य विकाराचे पहिले वर्णन १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाले. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड इ. जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण जास्त आहे. भारतीय मानकानुसार पेयजलात ते लिटरमागे १ मिग्रॅ. पर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ. पर्यंत चालते. दुधाच्या दातांचा बराच भाग जन्मापूर्वी तयार होत असल्याने त्यांच्यावर हे डाग कायमच्या दातांपेक्षा सौम्य असतात व दाढांवर अधिक दिसतात.

प्राचीन काळातील पुरावा : दंतवल्कातील दोष पुसला जात नसल्याने तो पुरातत्त्वज्ञांनाही उपयोगी पडतो. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहत उघडकीस आली. तेथे बालकांना तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत घालून घरातील जमिनीखाली पुरलेले आढळले. जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी अशा बालकांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास केला. दुधाच्या सुळ्याच्या दर्शनी बाजूवर दिसणारा दंतवल्काचा लहान खळगा त्यांनी विशेषत्वाने नोंदविला आणि अशा खळग्यांच्या प्रमाणावरून बदलते हवामान, शेती व अन्न यांचा अर्भकांवरील ताण अजमावण्याचा प्रयत्न केला.

रंगातील विकृती : रंग दातांच्या घडणीतच मिसळलेला असल्यास तो घासून जात नाही. ऱ्हीसस रक्तगटाच्या विसंगतीमुळे किंवा पित्तमार्गाच्या दोषामुळे तीव्र कावीळ झालेल्या अर्भकांचे दात पुढे हिरवट उगवतात. जन्मजात पॉर्फिरिया या विरळा विकारात ते तांबूस-तपकिरी असतात व जंबुपार प्रकाशात लाल चमकतात. टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक कॅल्शियमाशी संयोग पावून दातांत साठते व ते पिवळे वा करडे होतात. हे औषध अपरेतून गर्भाकडेही जाते. म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात व आठ वर्षांखालील मुलांत ते सामान्यतः टाळतात.

उगवण्याच्या व पडण्याच्या काळातील विकृती : पहिला दात सामान्यतः सहाव्या ते दहाव्या महिन्यात येतो, बारा महिन्यांपर्यंतचा उशीर चिंताजनक नसतो. सुमारे दीड वर्षापर्यंत एकही दात न आल्यास मुडदूस, अवटू ग्रंथीच्या स्रावाची न्यूनता, डाऊन लक्षणसमूह, दातांचा अभाव इ. कारणांचा शोध घ्यावा लागतो.

दात अकाली पडणे हे याहून गंभीर लक्षण होय. पाच वर्षांच्या आत, मार लागला नसता, पुढचा दात संपूर्ण मुळासह पडल्यास हायपोफॉस्फेटेशिया या विकाराची शंका घेतात. नेहमीच्या क्रमात मूळ शोषले गेल्यावरच दात पडतो. या विकारात मुळास जबड्याशी जखडणारा संधानक थर नीट तयार न झाल्याने ते अखंड असतानाच निसटते. कॅनडातील जे. सी. रॅथबन यांनी १९४८ मध्ये या विकाराचे नामकरण केले. रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज हे एंझाइम वयाच्या मानाने कमी असणे ही त्याची मुख्य खूण होय. तीव्र प्रकारात हाडे मऊ राहतात. त्यासाठी लागणारी एंझाइम-चिकित्सा २०१५ पासून उपलब्ध झाली आहे. सौम्य प्रकारात दात पडणे हेच एकमेव लक्षण असू शकते. म्हणून असा पडलेला दात फेकून न देता वैद्यास दाखविणे इष्ट असते.

समजुती : काश्यपसंहितेतील दंतजन्मिक अध्यायात दातांसह जन्म, वरचे दात आधी येणे, दातांची संख्या कमी वा अधिक असणे आणि रंग बिघडणे यांची अशुभात गणना केली आहे. या प्रकारांचे निरीक्षण प्राचीन बालवैद्यकात झाले होते, हे त्यावरून दिसते. अशुभाची कल्पना मात्र त्यांच्या कारणांच्या अज्ञानातून आली. वरचे दात आधी आल्यास ते मामास वाईट, अशी समजूत अनेक ठिकाणी अद्याप आढळते. वस्तुतः हा उगवण्याच्या क्रमातील साधा फरक आहे. युगांडा, इथिओपिया, टांझानिया इ. पूर्व आफ्रिकी देशांत अर्भकाच्या ताप-जुलाबाचे कारण हिरडीतील ‘किडा’ होय, अशा समजुतीने दुधाच्या सुळ्याचा कोवळा अंकुर कोरून काढण्याची प्रथा आहे. त्यामुळे रक्तस्राव व जंतुसंसर्ग होऊन अर्भके दगावतात व वाचलेल्यांचे कायमचे दात बिघडतात.

निदान, उपचार व प्रतिबंध : पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा व तिसऱ्या वर्षी सर्व दात आल्यावर पुन्हा एकदा दातांची तपासणी करावी. दात मोजणे, दोन्ही बाजू ताडून पाहणे, गरोदरपण व जन्म यांचा वृत्तांत विचारणे आणि जरूर तेथे क्ष-किरण चित्र घेणे एवढ्यावर बहुतेक निदाने होतात. जोडदाताच्या खाचा भरून घेणे, सदोष दंतवल्कावर फ्ल्युओराइडयुक्त लेप देणे, ठिसूळ दाढांवर पोलादी टोप्या बसविणे हे नेहमीचे उपचार होत. अनेक दात नसलेल्या बालकास तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून काढता-घालता येणारी कवळी देता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. तिच्यामुळे चर्वण व उच्चार सुधारतात आणि शाळेत जाताना मुलाचा संकोच कमी होतो. आनुवंशिक विकृती टाळता येत नाहीत. परंतु परिस्थितिजन्य विकृतींपैकी अनेक टाळण्याजोग्या आहेत. गरोदर स्त्रीस पुरेसा आहार व ड जीवनसत्त्व मिळणे, अकाली प्रसूती टाळणे, फ्ल्युओराइडबाधित गावांना दुसऱ्या स्रोताचे पाणी पुरविणे आणि औषधे जपून वापरणे हे त्यांवरील उपाय होत. दुधाच्या दातांचे दंतवल्क बालकाच्या पहिल्या वाढदिवसाआधीच पूर्ण होत असल्याने या उपायांचा प्रारंभ मातेच्या गरोदरपणातच व्हावा लागतो.